उपऱ्यांची मंडळी, देवाचं घर

आजचा शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र २:११-२२
सोबत वाचा : प्रेषितांची कृत्ये २१:२७-३०, निर्गम ३:७-८



आधी शास्त्रपाठ वाचून घ्या. पाच मिनिटं लागतील. लोकलमध्ये किंवा मेट्रोत असाल तर मोबाईलवर वाचा, पण वाचा. मनन हे वचनाच्या मागून चालत येतं, पुढे धावत नाही.

वाचलंत? मग आज एका शब्दापासून सुरुवात करू या. तो शब्द म्हणजे 'उपरा'.

तुमच्यातले किती जण घरापासून लांब राहतात! कोणी अहिल्यानगरहून पुण्यात आलंय, कोणी जालन्याहून मुंबईत, कोणी कोल्हापूरहून थेट न्यू जर्सीत. पीजीमध्ये तीन जणांत एक कपाट. अकरा महिन्यांचा करार. सोसायटीच्या गेटवर रोज तोच वॉचमन, तरी रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो. शहरात राहायचं आणि शहराचं व्हायचं नाही, हा अनुभव आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पौल इफिसच्या विश्वासणाऱ्यांना लिहितो तेव्हा तो नेमक्या याच माणसांशी बोलतोय. २:१९ मध्ये तो ज्या मूळ ग्रीक शब्दाने 'उपरे' म्हणतो तो आहे 'पारोइकोई'. 'पारा' म्हणजे शेजारी आणि 'ओइकोस' म्हणजे घर. घराच्या शेजारी राहणारा. गावात असतो, पण गावकीत नसतो. काम करतो, कर भरतो, पण गावच्या सभेत त्याला मत नसतं. पौल सांगतो की ख्रिस्तात तुमचं हे उपरेपण संपलं, आता तुम्ही देवाच्या घरची माणसं आहात. 'घरची माणसं' यासाठी त्याने जो शब्द घेतला, त्यातही तोच 'ओइकोस' आहे. पुढे इमारत रचली जाण्याविषयी बोलतो, तिथेही तोच. देवाच्या वस्तीविषयी बोलतो, तिथेही तोच. चार ओव्यांत 'घर' हा एकच धातू तो पुन्हा पुन्हा घडवत राहतो, जसा सोनार एकाच सोन्यातून चार दागिने काढतो.

आता गंमत बघा. याच 'पारोइकिया' शब्दातून पुढे इंग्रजीतला 'पॅरिश' हा शब्द आला. म्हणजे आज ज्याला आपण स्थानिक मंडळी म्हणतो, रविवारी जिथे जातो, जिथे लग्नं लागतात आणि मातीही दिली जाते, त्या जागेच्या नावातच 'उपऱ्यांची वस्ती' हा अर्थ दडलाय. जे स्वतः या जगात पाहुणे आहेत त्यांनी एकत्र येऊन बांधलेलं घर म्हणजे पॅरिश.

मग प्रश्न उभा राहतो. उपऱ्यांच्या घरात कोणी कोणाला उपरं कसं ठरवतं?

ती आडभिंत

२:१४ मध्ये पौल एका भिंतीविषयी बोलतो. ही नुसती अलंकारिक भाषा नाही. यरुशलेमच्या मंदिरात अशी भिंत खरोखर होती. परराष्ट्रीय माणूस बाहेरच्या अंगणापर्यंत येऊ शकत असे. त्याच्या पुढे एक दगडी कठडा होता आणि त्यावर इशारा कोरलेला होता की कोणी परका आत शिरला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. असा एक शिलालेख १८७१ साली यरुशलेममध्ये सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आणि पौलाला ही भिंत पुस्तकातून माहीत नव्हती. प्रेषितांची कृत्ये २१ वाचलंत ना? त्याला पकडलं गेलं ते कशावरून? त्याने एका परराष्ट्रीयाला त्या कठड्याच्या आत नेलं, या संशयावरून. तो परराष्ट्रीय कोण? त्रफिम. आणि त्रफिम कुठला? इफिसचा! इफिसकरांना पत्र वाचून दाखवलं जात असताना आणि 'आडभिंत' हा शब्द आला असताना तिथल्या कोणाच्या तरी डोळ्यासमोर त्रफिमचा चेहरा आला असेल. ज्या भिंतीपायी पौलाला बेड्या पडल्या, ती ख्रिस्ताने आपल्या देहाने पाडली, असं तो बेड्यांमधून लिहितोय.

भिंत पडली हे सत्य आहे. पण माणसं मोठी कष्टाळू असतात. देवाने पाडलेली भिंत पुन्हा बांधायला आपल्याला फार वेळ लागत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका भिंतीची आणि तिच्यासमोर गुडघे टेकलेल्या एका माणसाची खरी गोष्ट सांगणार आहे.

गुडघ्यांवरून उठवलेला माणूस

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली त्या तिथे डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच शहरात त्याच्याही शंभर वर्षं आधी ॲब्सलम जोन्स नावाचा एक माणूस राहत होता.

ॲब्सलमचा जन्म १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलामगिरीत झाला. मालकाच्या घरात कामं करताना मिळालेली चिल्लर साठवून त्याने पुस्तकं घेतली, त्यात एक नवा करार होता. वाचायला तो स्वतःच धडपडून शिकला. सोळा वर्षांचा असताना मालकाने त्याची आई आणि भावंडं विकून टाकली आणि त्याला फिलाडेल्फियाला नेलं. तिथे तो मालकाच्या दुकानात राबायचा. १७७० मध्ये त्याचं लग्न झालं. बायकोही गुलाम. आता विचार करा, पैसे साठवायला लागल्यावर त्याने आधी कोणाचं स्वातंत्र्य विकत घेतलं? बायकोचं. कारण आई स्वतंत्र असेल तरच मुलं स्वतंत्र जन्माला येतील, असा तिथला कायदा होता. स्वतःचं स्वातंत्र्य मिळायला त्याला १७८४ साल उजाडावं लागलं. तेव्हा तो चाळिशीच्या जवळ आला होता.

रिचर्ड ॲलन या मित्रासोबत तो सेंट जॉर्जेस नावाच्या मेथडिस्ट मंडळीत जाऊ लागला. दोघांच्या सेवेमुळे तिथे येणाऱ्या कृष्णवर्णीयांची संख्या वाढली. तशी आधीच्या सभासदांची अस्वस्थताही वाढली. जागा अपुरी म्हणून वर गॅलरी बांधली गेली, नवी जमीन घातली गेली. त्या कामासाठी कृष्णवर्णीय सभासदांनी भरभरून वर्गणी दिली होती.

मग एका रविवारी ही माणसं उपासनेला आली. त्यांना वर गॅलरीत पाठवण्यात आलं. ती वर जाऊन बसली, प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी गुडघे टेकले. तेवढ्यात मंडळीचा एक विश्वस्त आला आणि त्याने ॲब्सलमला दंडाला धरून उठवायला सुरुवात केली. इथे नाही, मागे. ॲब्सलम त्याला एवढंच म्हणत होता की प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तो थांबला नाही. त्याने दुसऱ्याला मदतीला बोलावलं.

प्रार्थना संपली. ही सगळी माणसं एकत्र उठली आणि बाहेर पडली. पुन्हा तिथे गेली नाहीत.

प्रियांनो, इथे जरा थांबा. ज्या गॅलरीला आपल्या घामाचे पैसे लागलेत, तिथेच आपल्याला गुडघ्यांवरून उठवलं जातं. तेही उपासना चालू असताना, देवाशी बोलणं अर्धवट असताना. तुमच्या मनात आत्ता काय येतंय? 'गेली ती मंडळी उडत' असं आलं का? यायला हरकत नाही. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडक शब्द वापरलेत आणि ते पवित्र शास्त्रात आहेत. पण पुढे काय झालं ते बघू या.

तापाचं वर्ष

ॲब्सलम आणि रिचर्ड यांनी १७८७ मध्येच 'फ्री आफ्रिकन सोसायटी' सुरू केली होती. सभासद दर महिन्याला थोडी वर्गणी देत. त्यातून आजारी माणसाला, विधवेला, अनाथ मुलांना आधार मिळे. आपल्याकडच्या भिशीसारखं आणि मंडळीतल्या गरीब निधीसारखं काहीतरी, दोन्ही एकत्र. या सोसायटीतल्या माणसांनी आता स्वतःचं प्रार्थनामंदिर उभारायचं ठरवलं.

बांधकाम चालू असतानाच १७९३ चा उन्हाळा आला आणि फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ पसरली. शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. त्यातली साधारण दहातली एक व्यक्ती काही महिन्यांत दगावली. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती, पण सरकारसुद्धा शहराबाहेर गेलं. ज्यांना पळणं शक्य होतं ते पळाले. नवऱ्याने बायकोला सोडलं, मुलांनी आईबापांना सोडलं. हा ताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला आणखी शंभरहून जास्त वर्षं जायची होती. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या श्वासालाच घाबरत होता.

त्या काळचे नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता की कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्यांनी ॲब्सलम आणि रिचर्डकडे मदत मागितली. त्यांचा समज चुकीचा निघाला. कृष्णवर्णीय माणसंही तापाने फणफणली, मेली. तरी काम थांबलं नाही. ही माणसं घराघरांत जात होती. पाणी पाजत होती, अंथरूण बदलत होती, प्रेतं उचलून पुरत होती. आणि ती घरं कोणाची? त्यांत त्यांना गुडघ्यांवरून उठवणाऱ्या समाजाचीही होती.

साथ ओसरली. मग आभार मानले गेले असतील ना? मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने साथीवर पुस्तिका काढली आणि तीत कृष्णवर्णीय सेवकांनी लोकांना लुबाडलं, जास्त पैसे उकळले, असा आरोप केला. ती पुस्तिका धडाधड खपली.

यावर ॲब्सलम आणि रिचर्ड गप्प बसले नाहीत. हा मुद्दा मी तुमच्यासमोर मुद्दाम ठेवतोय, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं की ख्रिस्ती माणसाने सहन करावं, देव बघून घेईल. या दोघांनी १७९४ मध्ये स्वतःची पुस्तिका छापली. त्यात काय घडलं ते सांगितलं आणि हिशेब मांडला. जमा किती, खर्च किती. खर्च जमेपेक्षा जास्त होता, तो त्यांनीच सोसला होता. प्रीतीने सेवा केली आणि सत्यही सांगितलं. क्षमा करणं म्हणजे खोट्याला मान डोलावणं असा अर्थ त्यांनी काढला नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल प्रीतीने सत्य धरण्याविषयी बोलतो. ते प्रत्यक्षात कसं दिसतं, याचं हे उदाहरण.

अर्धं उघडलेलं दार

१७ जुलै १७९४ रोजी त्यांच्या मंदिराचं समर्पण झालं. मंडळीने ठरवलं की आपण एपिस्कोपल चर्चमध्ये जायचं. 'एपिस्कोपल' म्हणजे बिशपच्या देखरेखीखाली चालणारी मंडळी, इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकेतली शाखा. पण ही माणसं हात जोडून आत गेली नाहीत. त्यांनी तीन अटी घातल्या. आम्हाला एकसंध मंडळी म्हणून स्वीकारा. आमचा स्थानिक कारभार आमच्या हातात राहील. आणि ॲब्सलम जोन्स यांना वाचक म्हणून परवाना द्या व पात्र ठरल्यास दीक्षा द्या. अटी मान्य झाल्या. आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस ही अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय एपिस्कोपल मंडळी ठरली. पहिल्याच वर्षात सभासद पाचशेच्या वर गेले. १७९५ मध्ये बिशप विल्यम व्हाइट यांनी ॲब्सलमला डीकन म्हणून दीक्षा दिली, आणि पुढे ते एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण मग ती पूर्ण खरी होणार नाही. लॅटिन आणि ग्रीक येत नसतानाही ॲब्सलमला दीक्षा देण्याची सवलत मिळाली, तिच्यासोबत डायोसिसने एक अट जोडली. या मंडळीला वार्षिक अधिवेशनात प्रतिनिधी पाठवता येणार नाही. म्हणजे मंडळी आमची, पण मत नाही. आठवतोय 'पारोइकोस'चा अर्थ? घराशेजारी राहतो, पण सभेत त्याला मत नसतं! ही अवस्था साठहून जास्त वर्षं टिकली. ॲब्सलमच्या हयातीत ती बदलली नाही.

रिचर्ड ॲलन यांनी दुसरा रस्ता धरला. ते मेथडिस्टच राहिले, त्याच महिन्यात त्यांनी बेथेल नावाची वेगळी मंडळी सुरू केली आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. एक मित्र अर्ध्या उघड्या दाराशी राहून आत जागा मागत राहिला, दुसऱ्याने नवं दार बसवलं. दोघांपैकी बरोबर कोण? मला वाटतं, हा प्रश्नच बाजूला ठेवावा. दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. हिशेबाची ती पुस्तिका दोघांच्या नावाने आहे.

१ जानेवारी १८०८ रोजी अमेरिकेत गुलामांची आयात कायद्याने बंद झाली. त्या दिवशी सेंट थॉमसमध्ये ॲब्सलमने उपकारस्मरणाचा उपदेश केला. त्यासाठी निवडलेलं वचन आपण आज सोबत वाचलं, निर्गम ३:७-८. त्यात देव काय काय करतो ते मोजा. तो बघतो, ऐकतो, दुःख ओळखतो आणि खाली उतरतो. ज्याच्या डोळ्यांदेखत आई विकली गेली, तो माणूस हे वचन वाचतोय. असं वचन नुसतं वाचलं जात नाही, त्याच्यावर उभं राहावं लागतं.

ॲब्सलम जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ रोजी प्रभूत विसावले. एपिस्कोपल चर्च आजही दरवर्षी त्या दिवशी त्यांचं स्मरण करतं. त्यांची मंडळी फिलाडेल्फियात आजही भरते.

कठड्याशी सगळे सारखे

एपिस्कोपल मंडळीत रविवारी काय होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्यातल्या सीएनआयवाल्यांना ते ओळखीचंच वाटेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या चर्चमध्ये अँग्लिकन चर्चही होतं. एकाच मोठ्या कुटुंबातली आपण चुलत भावंडं.

छापील प्रार्थनापुस्तक असतं. पापांगीकार सगळे मिळून म्हणतात, धर्मगुरूही त्यात असतो. मग शांतीचं अभिवादन, जागा सोडून हात मिळवायचा. मग प्रभुभोजन. बऱ्याच मंडळींमध्ये वेदीसमोर लाकडी कठडा असतो. लोक पुढे येतात आणि खांद्याला खांदा लावून गुडघे टेकतात. शेजारी कोण येईल हे आपण ठरवत नाही. बँकेतला साहेब आणि काल व्हिसा संपलेला विद्यार्थी, दोघांचे हात सारखेच रिकामे. एकच प्याला एका ओठांकडून दुसऱ्या ओठांकडे जातो.

मंदिरातला कठडा माणसाला बाहेर ठेवायला होता. हा कठडा गुडघे टेकणाऱ्याला आधार द्यायला आहे. ख्रिस्ताने भिंतीचं काय केलं, ते इथे रविवारी दिसायला हवं. ॲब्सलमला जिथून उठवलं गेलं, तिथेच, गुडघ्यांवरच, त्याने पुढची सगळी वर्षं लोकांना भाकर दिली.

बाप्तिस्म्याच्या वेळी आणखी एक गोष्ट घडते. बाळाच्या आईबापांना आणि धर्ममातापित्यांना प्रश्न विचारून झाले की सगळ्या मंडळीला विचारतात, याच्या ख्रिस्ती जीवनात तुम्ही याला शक्य तेवढा आधार द्याल का? आणि सगळे होकार देतात. त्या बाळाला न ओळखणारेही. म्हणजे तुमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीही एखाद्या वाडीतल्या, तालुक्याच्या मंडळीने तुमच्यासाठी देवासमोर शब्द दिला असेल. त्यातल्या काही म्हाताऱ्या अजून रात्री झोपताना तुमचं नाव घेत असतील.

बाकी सगळं तसं साधंच असतं. सभासद मतदानाने वेस्ट्री निवडतात, आपल्या पास्टोरेट कमिटीसारखी. छप्पर गळतंय, त्याचं काय करायचं, विजेचं बिल कोणी भरायचं यावर तास-तास चर्चा. उपासनेनंतर कॉफी. आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवायची पाळी. यात चमत्कार काही दिसत नाही. पण पौल ज्या इमारतीविषयी बोलतो ती याच विटांची असते. कोनशिला ख्रिस्त आहे आणि बाकीचे दगड म्हणजे आपण, खडबडीत, एकमेकांना टोचणारे.

आता आपलं काय?

आता हे वचन तुमच्या-माझ्या दाराशी आणू या. तीन गोष्टी.

पहिली, ज्यांना मंडळीत कोणी 'उठवलं' आहे त्यांच्यासाठी. कोणी आडनाव विचारून नजर बदलली असेल. कोणी 'तुम्ही नव्याने आलेले ना' म्हटलं असेल. इंग्रजी उपासनेत मराठी उच्चारावर हसू आलं असेल. घटस्फोटामुळे गायनसंघातली जागा गेली असेल. हे खोटं नाही, आणि तुम्ही फार मनाला लावून घेता असंही नाही. ॲब्सलमने काय केलं ते पाहा. प्रार्थना पूर्ण केली. इमारत सोडली, पण प्रार्थना सोडली नाही. आणि तो एकटा बाहेर पडला नाही, माणसांसोबत पडला. एकटं बाहेर पडणं सोपं असतं, पण त्या वाटेवर थंडी फार असते. म्हणून दोन-तीन माणसं सोबत घ्या. बाहेर पडलात तर बांधण्यासाठी पडा.

दुसरी, जे स्वतःला घरचे समजतात त्यांच्यासाठी. त्या विश्वस्ताला आपण वाईट करतोय असं वाटलं नसेल. त्याच्या मते तो शिस्त राखत होता. म्हणूनच ही गोष्ट भीतिदायक आहे. आपल्या मंडळीत ठरलेल्या बाकांवर ठरलेली घराणी बसतात. आजोबांच्या आजोबांनी मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, याचा अभिमान असतो, असावाही. पण दारात उभी असलेली झारखंडची नर्सिंगची विद्यार्थिनी कुठे बसणार? तिला मराठी येत नाही आणि तिच्याकडे स्तोत्रांचं पुस्तक नाही. जातीची भिंत चर्चच्या फाटकाबाहेर राहते, असं आपण म्हणतो. मग लग्नाचं स्थळ बघताना ती कशी काय आत येते? हा प्रश्न माझ्यासकट सगळ्यांना आहे.

तिसरी, मोबाईलवर उपासना बघणाऱ्यांसाठी. आजारी माणसाला, रविवारची शिफ्ट असणाऱ्याला लाईव्ह उपासना म्हणजे कृपाच. तिला नावं ठेवू नका. पण पडद्यावर आपण प्रेक्षक असतो. गाणं आवडलं तर थांबतो, उपदेश लांबला तर पुढे सरकवतो. तिथे कोणी आपल्या दंडाला धरून उठवणार नाही हे खरं, पण ताप आला तर पाणी पाजायलाही कोणी येणार नाही. पॅरिश म्हणजे शेजार. शेजाऱ्याला पत्ता लागतो. तुमच्या शहरात तुमचा पत्ता माहीत असलेली, चहात साखर किती घेता ते माहीत असलेली एक तरी मंडळी आहे का?

या आठवड्यासाठी

येत्या रविवारी एवढंच करा. नेहमीच्या जागेवर बसू नका. एकट्या बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा. उपासना संपल्यावर त्याचं नाव विचारा, गाव नंतर. आडनाव विचारूच नका. चहा घ्या. पुढच्या रविवारी त्याला नावाने हाक मारा.

आणि तुम्हीच ते एकटे बसलेले असाल, तर जागेवर बसून राहा. लगेच उठून जाऊ नका. कोणीतरी हे वाचलं असेल आणि तुमच्याकडे यायला निघालं असेल.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही सगळेच उपरे होतो आणि तू आम्हाला घरात घेतलंस. तुझ्या घरात आम्ही पुन्हा भिंती घातल्या, त्या पाडायला आम्हाला बळ दे. ज्यांना गुडघ्यांवरून उठवलं गेलं त्यांचं ओझं तू जाणतोस. तू पाहिलं आहेस, ऐकलं आहेस, तूच खाली उतर. आमच्या जिभेवर सत्य ठेव आणि हातांत सेवा. परक्या शहरांत राहणाऱ्या आमच्या भावाबहिणींना तुझ्या लोकांचा शेजार लाभू दे. आणि वेदीसमोर येताना शेजारी जो कोणी येईल, त्याला जागा द्यायला आम्हाला थोडं सरकायला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.